कवळी

माझगावात, डॉकयार्ड रोडच्या पुलापलीकडे,
दुसऱ्या मजल्यावर मी दात बनवतो.
फळीवर प्लास्टरचे जबडे, खाली पेन्सिलीने नावं,
टाळूचे घुमट उघडे.
माणसांच्या टाळू अशा रोज हातात घेणाऱ्याला
कधीतरी भाषा सुचणारच.

मला सुचली ती लॅटिनची एक लेक,
जी कधी जन्मलीच नाही.
समजा, सोपाऱ्याला गलबत लागलं,
खलाशी उतरले ते परत गेलेच नाहीत,
आणि नातवंडांच्या तोंडात
आजोळचे आवाज शिरले.
एवढंच समजायचं. बाकी सगळं नियमाने.

आपल्या सप्तचा सात झाला,
तसा त्यांच्या सेप्तेमचा सेत.
दीपातला प झिजून दिवा झाला,
तशी रीपा, म्हणजे नदीचा काठ, झिजून रीव.
सुरुवातीचा ह लिहायचा, बोलायचा नाही,
गेलेल्या भाडेकरूची पाटी दारावर राहते तसा.
च दोन, चाकातला आणि चारातला,
कागदावर एकच दिसतात, जीभ चुकत नाही.
शेवटचा स्वर गिळायचा.
आणि दोन स्वरांच्या मध्ये ल सापडला
की त्याचा ळ.
आभाळ म्हणजे चेळ. दोरा म्हणजे फीळ. मीठ, साळ.

खरं तर या ळसाठीच सगळा खटाटोप.
जीभ मागे दुमडायची, वर टेकवायची, सोडून द्यायची.
मेणाच्या ठशात ती जागा मला रोज दिसते,
रिकामी.

वहीत चारशे अकरा शब्द.
बोलणारा एक,
तोही रात्री, घासणीचं मशीन बंद झाल्यावर.

मग डॉक्टरांनी अर्सुलाबाई मिस्किटांना वर पाठवलं.
वरची कवळी, नवीन. बोलताना शिट्टी वाजते म्हणे.
एरवी मी साठ, सत्तर, फणस म्हणायला लावतो.
त्या दिवशी तोंडातून गेलं,
म्हणा, सेत.
सेत, बाई म्हणाल्या. शिट्टी वाजली.
पुढच्या दातांमागे केसभर घासलं.
सेत. स्वच्छ.
माझ्या हाताला घाम.

म्हणा, फीळ.
फील.
कवळी काढली, टाळूकडे पातळ केली.
फील.
अजून पातळ. चेल. साल.
मांडीवर गुलाबी भुकटी साचत गेली,
आणि मी मनात शिव्या घालत होतो
ठशाला, मेणाला, शिकवणाऱ्या उस्तादाला.
पुन्हा काढा, म्हटलं.

"सारखी काय कवली काढ, कवली घाल?
मी मरोलची हाय, बाला.
आमी तसाच बोलतों."

कार्डावर माझ्याच अक्षरात होतं: मरोळ.

कवळीत काही चुकलं नव्हतं.
दोनशे वर्षं, पाचशे वर्षं, कोण मोजतंय,
त्या जिभेने ळ घरात घेतला नव्हता
आणि तिचं काही अडलं नव्हतं.
मी मात्र पाव मिलीमीटर टाळू
फुकट घालवून बसलो.

चेल म्हणजे काय, त्यांनी विचारलं.
आभाळ, मी म्हटलं.
"आभाल," त्या म्हणाल्या, सावकाश,
माझा उच्चार सुधारून द्यावा तशा.

गेल्यावर वही काढली.
एकट्या माणसाच्या भाषेला बोली नसते,
नियम असतात नुसते.
ळच्या पानावर खाली जागा होती तिथे लिहिलं:
मरोलकडे ल तसाच राहतो.
मरोल असंच लिहिलं. खोडलं नाही.

जिन्यात त्या नवे दात वाजवून बघत होत्या.
प्रत्येक पायरीला एकच आकडा,
सेत, सेत, सेत,
मोजणी काही पुढे सरकेना,
आणि मी दार लावायचं सोडून
तळमजल्यापर्यंत ऐकत राहिलो.