निष्ठा एकोणीस

सर्जेकोटच्या बर्फ कारखान्यात
दुपारी चारला माझी पाळी संपते.
लाद्यांचा हिशेब, डिझेलची बाकी,
कुबलांच्या ट्रॉलरची उधारी.
वही मिटते, आणि तिच्याच मागच्या पानावर
मी दुसरा हिशेब मांडते :
मरण एकशे एकेचाळीस.
मरण एकशे बेचाळीस.

घंटाघरातला आंधळा सरदार
मला पावलांवरून ओळखतो.
धावलं की वळतो. थांबलं की कान देतो.
हे कुणी सांगितलं नाही,
साठाव्या मरणाला कळलं,
आणि त्या रात्री भात करपला तरी
मी खूश होते.

आवडतो मला हा खेळ, बोट धरत नाही म्हणून.
नकाशावर बाण नाही, कानात कुजबुज नाही.
तीन संध्याकाळी गटारांतून, थडग्यांतून चढत गेले,
एक कडी आतून काढली, दार ढकललं,
आणि समोर पहिल्या दिवशीचाच कंदील!
आमच्या मागच्या पाखाडीसारखं :
अख्खी वाडी फिरून, गडगा ओलांडून
उतरावं तर आपल्याच खळ्यात,
आणि आपलीच कोंबडी आपल्याकडे
परक्यासारखी बघतेय.

पण.
कंदिलापासून सरदारापर्यंत चार मिनिटं.
तोच पूल, तेच सात शिपाई, तीच शिडी,
दर मरणाला.
मी गुणाकार केला, नोकरीच हिशेबाची :
नऊ तासांवर मी नुसती चालले.
ह्यात काय शिकायचं होतं?
जेट्टीवर लादी वाहणारा हमालसुद्धा
एवढ्या फेऱ्यांची मजुरी मागतो.

शिवाय ती निष्ठा.
ताकद कळते, चपळाई कळते,
निष्ठेचं काय होतं ते कुठेच लिहिलेलं नाही.
नावावर भाळून एकोणीस गुण ओतले मी तिच्यात.
तलवार तशीच बोथट. ढाल तशीच जड.

बाबा होड्या बांधतात. बांधायचे.
फायबरच्या आल्यापासून नुसत्या दुरुस्त्या.
एका रात्री चहाची बशी घेऊन
माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग : "तेच्या हातार नको, खांद्यार बघ.
तीन वार करता, चवथो अडवून धरता.
बाहेरच्या लाटेसारखो."

गड नदीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यापाशी
चाळीस वर्षं लाटा मोजलेला माणूस.
त्याला तलवारही पाणीच.
मी चौथा वार जाऊ दिला. आत शिरले.
सरदाराचं रक्त निम्म्यावर आलं, पाव राहिलं,

आणि चित्र खांबामागे अडकलं.
पडदाभर नुसता दगड.
जांभा असता तर निदान ओळखीचा तरी वाटला असता.
दगडापलीकडे कुणीतरी मला मारलं.

मी म्हटलं, चालायचंच बाबा, कठीणच आहे खेळ,
दर्यासारखा.
बाबांनी बशी खाली ठेवली.
"दर्यान बुडवल्यान तर हात जोडूचे.
सांध्यात काथ्योच भरूक नाय, तर मिस्त्रीक धरूचो.
दोघांका एकच नाव देव नको."
आणि झोपायला गेले,
जणू कुणाच्या तरी होडीचं बिल नाकारून.

एकशे सत्तेचाळीसला पडला सरदार.
रात्रीचे दोन. आवाज बंद ठेवला होता,
पलीकडे बाबा घोरत होते.
तीन वार, मग तो अडलेला चौथा,
आणि खांब सोडून, मुद्दाम, उघड्यावर मी.
माझ्या हातांना सगळं आधीच ठाऊक होतं,
जसं बर्फ फोडताना टोच्याला शीर ठाऊक असते.
तो गुडघ्यावर आला. वरची घंटा आपोआप सुटली.
ती मी ऐकली नाही,
फक्त हलताना पाहिली.

कुणाला उठवलं नाही.
खाडीत एक इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं.
वही उघडून आकड्यापुढे बारीकशी फुली मारली,
खाली लिहिलं : पूल फार लांब. खांब चुकीचा.
शत्रू चोख.

मग, पान उरलं होतं म्हणून :
निष्ठा एकोणीस.
कशासाठी, अजून कळलेलं नाही.