शेवटची तार

ओरुरोत शनिवारी दुपारी वारा सुटतो.
वस्तीच्या सभागृहाची पत्र्याची दारं आपसात भांडतात.
मी मांडते: सोळा ब्रेडबोर्ड, पांढरे,
मोडीतल्या प्रिंटरांच्या मोटारी,
आणि चाकं म्हणून बाटल्यांची झाकणं, रबरबँड चढवलेली.
एका रोबोचा खर्च
कोपऱ्यावरच्या तळलेल्या कोंबडीच्या दोन बशा.

मुलं अकराची, बाराची.
शेवटच्या बाकावर इलारिओन चोके, वय एकसष्ट,
तेहतीस वर्षं कथिलाच्या खाणीत,
गालात कोकाची पानं.
नाव नातवाचं नोंदवलं होतं. नातू आला नाही. हे आले.

"एका ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात.
दिसत नाही, पण असतात."
"बोगदे," ते म्हणतात. "आणि हा मधला चर?"
"तिथे काही जोडलेलं नसतं."
"तिथे दरड कोसळली."
मी त्यांना दुरुस्त करत नाही.

बोटं जाड. एक तर अर्धंच.
तार भोकाशी जाते, वाकते, परत येते.
टोक ते दातांनी सोलतात,
मी ओरडते, ते हसतात, हिरवं.
शेवटी डायाना आपलं काम सोडून येते
आणि तार धरून देते,
म्हाताऱ्याला सुईत दोरा ओवून द्यावा तशी.

तासाभराने एकच उरली. बॅटरीची लाल.
ती चिमटीत धरून इलारिओन उभे राहिले.
मागे पाहिलं. दाराकडे पाहिलं.
मग छातीच्या तळातून, त्या एवढ्याशा खोलीत:
"सुरुंग! बाजूला व्हा!"
तीनदा.

विल्मर हसला, हो.
पण डायाना उठली, खांबाआड गेली,
कानांवर हात ठेवले.
मग एकेक करत सगळे. विल्मरसुद्धा.
चार सेल, सहा व्होल्ट,
त्यातून काय होतं आणि काय होत नाही
हे शिकवायचे मला पैसे मिळतात.
मीही गेले.

तार टेकली.

खोकं थरथरलं. डावं झाकण फिरलं, उजवं नाही.
रोबो जागच्या जागी गोल, गोल,
शेपटीमागे लागलेल्या मांजरासारखा.
मुलं धावली, जमिनीवर पसरली, ओरडली.

इलारिओन त्याच्याकडे बघतच नव्हते.
हवेत बोट टेकवत आम्हाला मोजत होते,
ओठांतल्या ओठांत. सोळा.
पुन्हा पहिल्यापासून. सोळा.
मग हळूच बसले, टोपी काढली, घाम पुसला.

"उजवं चाक मेलंय," म्हणाले.
मी बोर्डवर वाकले.
कडेच्या पट्टीवरची लाल रेघ मध्यावर तुटलेली असते,
पुढच्या अर्ध्यात वीज जात नाही,
हे सांगायलाच मी विसरले होते.

त्यांनी केव्हाच पाहिलं होतं.
नखाएवढी तार कापून
ते डायानाची वाट बघत होते.