सत्ती-दुर्री

सोहारला, बंदरामागच्या कँपात, खोली नंबर बावीस.
शुक्रवारी दुपारी एसीचं पाणी बादलीत ठिबकत असतं
आणि आम्ही खजुराच्या बिया मांडून बसतो.
पैसे नाही लावत. पैसे लावले तर नोकरी जाते,
शिवाय पंचवीस तारखेला पैसे असतात कुणाकडे?
माणशी चाळीस बिया, धुऊन वाळवलेल्या.

मला हा खेळ रोडेलनं शिकवला, मनिलाचा क्रेनवाला.
मी शिकवतोय अनंता शिरधनकरला,
आणि देवाशप्पथ सांगतो,
गंजक्या पाइपाला वेल्डिंग धरेल
पण ह्याला शिकवलेलं धरत नाही.

म्हटलं, अनंता, हातात सत्ती-दुर्री आली,
एक किलवर, एक चौकट,
विचार करू नकोस, टाकून दे.
तो म्हणाला, टाकू कशी? मला वाटून दिलीत ना?
आणि बदामसत्तीत सत्तीवाचून डाव सुरू होत नाही,
तुम्ही म्हणता सत्ती वाईट.

बसला धरून. सोळा बिया गेल्या.
पुढच्या डावाला छक्की-तिर्री. धरून बसला.
आता एवढ्या घातल्यात तर बघूनच जातो, म्हणाला.

बिया घातल्यात त्या तुझ्या नाहीत रे आता,
त्या मधल्या ढिगाच्या झाल्या.
हे मी त्याला पाच शुक्रवार सांगितलं.
सांगताना पनवेलची इमारत डोळ्यापुढे येत होती,
नऊ वर्षं हप्ते भरतोय, चौथ्या मजल्याच्या वर सळया.
ते त्याला सांगितलं नाही.

म्हटलं, पानांकडे कमी बघ, माणसांकडे बघ.
दिलावर मुकादमला एक्का लागला
की तो चहा पीत नाही, नुसता कप धरतो.
रोडेल खोटं खेळताना गुणगुणायचं थांबतो.
अनंता म्हणाला, लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघायचं,
आमच्या आईनं ह्यासाठी मला मारलंय.
आणि स्वतःला राणी आली की
श्वास धरून बसतो, पाण्यात बुडी मारल्यासारखा.
गल्लीतल्या मांजरालाही कळेल.

झाकली मूठ सव्वा लाखाची, अनंता.
उघडू नये. जिंकलास तरी उघडू नये.

सहाव्या का सातव्या शुक्रवारी
डाव अर्ध्यावर असताना त्याच्या भावाचा फोन आला.
व्हरांड्यात गेला. काचेतून फक्त हात दिसत होते.
होडीचं इंजिन. दोनदा उघडलेलं, तिसऱ्यांदा बसलेलं.
परत आला, मांडी घातली,
पानं उचलली, बघितली,
आणि पालथी टाकली.
काय होतं रे? दिलावरनं विचारलं.
काही नाही, म्हणाला. नाही पाठवत म्हटलं त्याला.

कुणी काही बोललं नाही. रोडेलला मराठी कळत नाही,
त्यानं तेवढ्यात एक खजूर त्याच्यापुढे सरकवला.

मग शेवटचा डाव.
माझ्या हातात दोन राण्या, इस्पिक आणि बदाम.
खाली बादशहा, नव्वी, चव्वी, आणखी एक नव्वी, पंजी.
अनंतानं सगळ्या बिया ढकलल्या. सगळ्या,
ओल्या खजुराची नुकतीच चोखलेली एक धरून.
श्वास चालू होता. नीट, एकसारखा.
मी त्याच्याकडे बघत राहिलो.
हा माणूस खोटं खेळत नाही, मी मनाशी म्हटलं,
ह्याला येतच नाही.
नव्वी असणार. निदान बादशहा.
शिकवल्याप्रमाणे, शहाण्यासारख्या,
मी राण्या टाकल्या.

त्यानं ढीग दोन्ही हातांनी ओढून घेतला
आणि पानं उलटी केली.
सत्ती. दुर्री.
वर हसत नाही की काही नाही.

अरे दाखवायची नसतात!
किती वेळा सांगितलं, दाखवायची नसतात!

मग तुम्हाला कळणार कसं, बापू? म्हणाला,
आणि भरलेली बादली उचलून
मोरीकडे गेला, पाणी सांडत.