घडी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आम्ही दोघं रोज आठ वाजता ती उतरतो.
केंटकीतल्या एका लहान काऊंटीचं तळघर,
चौदा पायऱ्या, अकरावी जरा हलती,
व्हर्लीन माझ्या कोपराला धरून.
छातीवर चर्चचा काळा बिल्ला: एल्डर हॅल्वर्सन.
सत्तरी गाठल्यावर मिशनला निघालो,
वाटलं होतं दारं ठोठावू, देवाबद्दल बोलू.
वाट्याला आल्या पत्र्याच्या अडीचशे पेट्या.

पेटीत कागद, तीन घड्या घातलेले,
तांबड्या फितीत आवळलेले,
दगडी कोळशाच्या काजळीने काळवंडलेले.
पावणेदोनशे वर्षांत कुणी हात लावला नाही.
तसेच उलगडले तर घडीवरच तुटतात.
म्हणून आधी त्यांना दमट हवा द्यायची:
टबात ओला टॉवेल, वर जाळी, जाळीवर कागद,
झाकण. एक रात्र.
सकाळी ते सैल पडलेले असतात
तापातून उठलेल्या पोरासारखे.
मग मऊ ब्रश, मग गंजकी टाचणी हलकेच सोडवायची,
काचेखाली दाबायचं, कॅमेऱ्याखाली धरायचं,
आणि पुढचा.

हातमोजे घालायचे नाहीत, हे मला पटेना.
चाळीस वर्षं गाई पिळलेले हे हात.
पण ऑर्लीन प्रुइट, इथली कारकून, म्हणाली,
मोज्यात बोट आंधळं होतं.
आणि घडी जाईल अशी आशा धरू नका,
रेघ राहतेच. कागद तिथे तुटू नये, एवढंच बघायचं.

काय काय निघतं.
उधार मिठाचा दावा.
डुकराच्या कानावरची खूण कुणाची, यावर अकरा साक्षीदार.
एका बाईचा अर्ज: नवरा टेक्सासला गेला तो गेला,
निदान चरखा तरी माझ्या नावावर करा.
एका मयताच्या मालाची यादी:
भिंतीवरचं घड्याळ, सहा डॉलर.
किटल्या दोन.
केझाया, वय नऊ, चारशे डॉलर.
खोगीर, जुनं.

व्हर्लीन ब्रश ठेवून बाहेर गेली.
ऑर्लीन आली, वाचलं, चष्मा पुसला.
याचा फोटो दोनदा काढा, म्हणाली.
तिच्या आजीच्या आजीचं नाव तिला ठाऊक नाही.
हीच असेल असं नाही. नसेलच असंही नाही.
आम्ही तीनदा काढला.
त्या रात्री प्रार्थनेला मला शब्द सापडले नाहीत,
गुडघे दुखेपर्यंत नुसता बसून राहिलो.

आणि परवा, पेटी एकशे सहा:
ग्रिग्ज विरुद्ध ग्रिग्ज.
पाणचक्कीच्या पाटाचं पाणी,
थोरला वादी, धाकटा प्रतिवादी,
बावीस वर्षांच्या तारखा.
शेवटच्या कागदावर एकच ओळ:
दोन्ही पक्ष मयत, सबब खटला निकाली.

मी उभा होतो तो स्टुलावर बसलो.
आयडाहोच्या एका कोर्टात एक फाइल आहे,
हॅल्वर्सन विरुद्ध हॅल्वर्सन.
कालव्याची एक झडप, आठवड्याला नऊ तास पाणी.
निकाल माझ्या बाजूने लागला.
माझा लसूणघास हिरवा राहिला, डेल्मारचा करपला.
एकोणीस वर्षं एकाच चर्चमध्ये
दोन टोकांच्या बाकांवर बसलो.
भावाला पाण्यात पाहणं म्हणजे काय,
हे मला कुणी समजवायला नको.

तीही फाइल कधीतरी जुनी होईल.
कुणीतरी तिला दमट हवा देईल,
माझी सही बघेल, इतकी दाबून केलेली
की मागच्या दोन पानांवर उमटली आहे,
आणि दावा कुणाचा खरा होता हे न विचारता
पुढचा कागद उचलेल.

काय झालं, व्हर्लीनने विचारलं.
टाचणी टोचली, म्हटलं.
तिने बोट उजेडात धरून पाहिलं.
रक्त नव्हतं. ती काही बोलली नाही.

सोमवार आमचा पत्रं लिहायचा.
डेल्मार, इथली हवा फार दमट आहे,
एवढं लिहून झालंय.
पाकीट लहान आहे.
तीन घड्या घातल्याशिवाय कागद आत जायचा नाही.