चहाचं आधण

मिठबावच्या चढावर तिसऱ्यांदा बंद पडली.
आरपीएमचा काटा एकदम शून्यावर.
अर्धा तास सड्यावर वारा खात उभी राहिली,
मग एका चावीत सुरू, जसं काही झालंच नव्हतं.

कणकवलीत दोघांनी पाहिली.
पंप बदलला, प्लग बदलले, साडेसात हजार गेले.

जामसंड्याच्या मोतीराम कोयंड्यानं आधी बॉनेटच उघडलं नाही.
ट्रॉलरच्या इंजिनांत अर्धा जन्म गेलेला माणूस.
"बंद पडता तेवा कशी आसता? तापलेली?"
"तापलेली."
"आणि माज्याकडे आणतास तेवा?"
मी गप्प.

क्रँकचा सेन्सर काढला. अंगठ्याएवढा,
खाऱ्या हवेनं पिना हिरव्या पडलेल्या.
मीटर लावला: पाचशे चाळीस. अगदी बरोबर.
मग आतून चहाचं आधण मागवलं
आणि वायरीला धरून त्याला पातेल्यात सोडलं,
गरी सोडावी तसं.

आम्ही दोघं आकड्यांकडे बघत.
पाचशे ऐंशी.
सहाशे दहा.
मग डावीकडे एकटाच एक, बाकी पडदा कोरा.

"आत तार तुटलीहा.
थंड आसताना टोकाक टोक लागता, इतक्याच."

नवा बसला एका बोल्टवर, दहा मिनिटांत.
त्याची बायको दारात:
"त्याच पाण्याचो चाय पाजतलास काय पावण्याक?"

आता चढावर गाडी कुरकुरतसुद्धा नाही.
पण करवंदीच्या त्या जाळीपाशी
माझा पाय आपोआप हलका होतो.
काटा अडीच हजारांवर थरथरत असतो,
आणि समुद्र दिसेपर्यंत मी
त्याच्यावरची नजर काढत नाही.