दहा बाय सहा

जूनमध्ये दोघांचा एकच फ्लेक्स मारला होता आम्ही,
दहा बाय सहा, अशोक चौकाच्या कोपऱ्यावर.
डावीकडे रजिता येमूल, उजवीकडे सुजय हत्तुरे,
मधे चॅनेलचा तो सोनेरी दरवाजा,
खाली एकवीस शुभेच्छुक,
प्रत्येकाला आपलंच तोंड मोठं हवं होतं.
'सोलापूरची शान' मीच टाईप केलं.
आधी 'शाण' झालं होतं, शेठ ओरडले.

चौसष्टाव्या रात्री त्या घरातले दिवे मंद झाले
आणि दोघं एका चादरीत शिरले.
कॅमेरा हिरवट.
दिसलं म्हणावं तर एक खांदा, तिचा हात,
नंतर बराच वेळ नुसते हलणारे मोर.
ते मोर मी ओळखले.
आमच्या पूर्व भागातलेच, चोच जरा जाड.

मी हे आधी दुकानात पाहिलं,
मग जेवताना,
मग गच्चीवर, आवाज बंद करून.
पुढचं मोजलं नाही.

सकाळी पापय्या मामा आले,
चाळीस वर्षं मागावर चादरी विणलेला माणूस.
"काय बे ही पोरगी, समाजाचं नाक कापलं की."
आणि सुजयनं?
"त्याचं काय, पोरगा हाय तो."
मग खुर्ची ओढून बसले,
"परत लाव जरा, चष्मा नव्हता रात्री."

आख्ख्या मुलखाला पांघरूण पुरवणारं गाव,
तिच्यावर घालायला
एक नॅपकिन निघेना.

सुजय तिसरा आला. अध्यक्ष स्वतः ऑर्डर घेऊन आले,
वीस बाय दहा, 'ढाण्या वाघ'.
फोटो शोमधलाच, हसरा,
फक्त मानेवर तिचा हात.
"तो हात काढ."

काढला.
मनगटापासून सुरू केलं, बोट बोट करत नखापर्यंत.
तर्जनीवर दोऱ्याचा जुना काप होता,
बिड्या वळणाऱ्या घरात वाढल्याची खूण,
तो मोठा करून पाहिला, मग पुसला.
सावली मात्र राहिली,
कॉलरच्या वर, तीन बोटांची.
मला दिसली होती.
तशीच प्रिंटला दिली.

सात रस्त्याला अर्धा तास गाड्या तुंबल्या.
डॉल्बी, जेसीबीतून फुलं, उघडी जीप.
आया आपली लेकरं त्याच्या कडेवर देऊन
फोटो काढून घेत होत्या.

ती हुतात्मानं आली म्हणे, रात्री,
तोंडाला स्कार्फ बांधून.
स्टेशनवर रिक्षावाल्यानं ओळखलं
आणि मीटरच्या तिप्पट घेतले.

जुना फ्लेक्स उतरवायला मलाच पाठवलं.
ब्लेडनं मधोमध फाडला, सोनेरी दरवाजातून.
त्याचा अर्धा अध्यक्षांच्या ऑफिसात गेला,
तिचा अर्धा टेम्पोत पडून राहिला,
गुरुवारपर्यंत.

गुरुवारी नरसम्मा आली,
कारखान्यात हजाराचा माल देऊन,
दीडशे छाट परत घेऊन.
चेकर छाट काढतो तेव्हा हातही जरा जास्तच धरतो,
हे सगळ्या बायांना माहीत आहे.
तिथं कॅमेरा नसतो.

"पोरीचा फोटू हाय का तो? छप्पर गळतंय."
मी गुंडाळी दिली.
तिनं पदराची गाठ सोडून वीस रुपये ठेवले.
मी घेतले, का ते माहीत नाही.
वर शहाणपणानं म्हणालो,
"तोंड वर करू नका मावशी, लोक बघतील."
"आत करते," ती म्हणाली.

परवा नीलम नगरातनं सायकल काढली.
छपरावर पांढरी पाठ दिसली,
चार विटा, एक टायर.
आत बल्ब चालू होता, कात्रीचा आवाज येत होता,
दोन कात्र्यांचा.
वर बघितलं तर त्यांना
पाच बाय सहाचं हसू दिसत असेल,
आणि मीच टाईप केलेल्यातलं
तिच्या वाट्याला आलेलं
नुसतं 'सोलापूरची'.