गोरिलाचं माप

रास्ता पेठेत माझं दुकान : पोशाख भाड्याने मिळतील.
मावळे बारा, पऱ्या नऊ, एक वाघ (शेपूट नवीन)
आणि गोरिला एकच, थोराड मापाचा,
पाठीवर रुपेरी पट्टा, छातीत फोम.
कुठल्याशा दुकानाच्या उद्घाटनाला शिवला होता.

गॅदरिंगच्या हंगामात अन्वी लोणकर आली, तिसरी ब.
आईचा हात सोडून थेट त्याच्यापाशी.
हा बाबा आहे, म्हणाली. मला पिल्लू व्हायचंय.
पाठ रुपेरी व्हायला बारा-तेरा वर्षं लागतात, काका,
तीही फक्त बाबांची होते.

टेप गळ्यात घालून मी ऐकत राहिलो.
हात पायांपेक्षा लांब हवेत.
चालताना बोटं मुडपून पेरांवर भार,
म्हणजे तिथे चामडं लावा, नाहीतर फाटेल.
छाती मुठीनं नाही बडवायची,
पंजा उघडा, जरा खोलगट,
मग आवाज पार पलीकडच्या डोंगरात.
(माझ्या गोरिलाच्या मुठी मी पक्के टाके घालून
कायमच्या मिटल्या होत्या.)
मांस? छे! बांबूचे कोंब, पाला, खाजरी पानंसुद्धा.
आवडीचं मिळालं की खाताना गुणगुणतात.
आणि एकाचं नाक दुसऱ्यासारखं नसतं,
तेव्हा सुरकुत्या नीट घाला.

राहतात कुठे ते मीच विचारलं.
आफ्रिकेत. उंच डोंगर, दाट झाडी, धुकंच धुकं.
म्हणजे सिंहगड, मी म्हणालो, श्रावणातला, पहाटे सहाचा.
तिनं थोडा विचार केला.
त्याहून ओलं. आणि भजी नसतात.

रोज संध्याकाळी फांद्या मोडून नवं अंथरूण करतात,
कालच्यावर आज झोपत नाहीत.
एकतीस वर्षं मी दुपारचा
त्याच कातरणांच्या ढिगावर पडतो.
बोललो नाही.

जाता जाता परत आली, कानाशी :
पिल्लाला मागे, ढुंगणावर, पांढरा ठिपका असतो.
तो असेपर्यंत सगळे सांभाळून घेतात.
मोठं झालं की जातो.

परीच्या पंखातलं कापड उरलं होतं.
रात्री अकराला दिव्याखाली
रुपयाएवढा गोल कापला, हातानं टाचला.

सोमवारी पोशाख परत. गुडघे मळलेले,
पेरांवरचं चामडं खरोखर घासलेलं.
ठिपका नव्हता.
टाके एकेक करून उसवलेले, कापड कुठंही न ओढता.

त्याचे किती कापणार, आईनं विचारलं.
माझ्या मांडीवर मोठा गोरिला पालथा पडला होता,
एक मूठ सुटली होती,
दुसरीतला दोरा सापडत नव्हता.